एकोणीस ळ

सत्तावन्न साली नागपूरहून जुने खिळे आले,
तोलून घेतलेले, पावणेतीन मण.
खण लावताना कळलं,
त्यात ळ फक्त एकोणीस.

वामनराव ढोक, संपादक, साप्ताहिक 'झुंजुरका',
शुद्धलेखनात काडीचीही सूट न देणारे.
त्यांनी वाटणी केली.
अग्रलेखाला दहा: तळमळ, कळकळ वगैरे.
बाजारभावाला पाच:
तीळ, डाळ, गूळ, केळी, नारळ.
उरलेले चार निधनवार्तेला.
म्हणजे आठवड्याला दोनच माणसं
'हळहळ व्यक्त होत आहे' इतकी मरू शकत.

बाकी पानभर चंपत मेश्राम
गुपचूप य लावायचा.
शायेचा निकाल. काया बैल हरवला आहे.
पोयानिमित्त सर्व गिऱ्हाइकांस शुभेच्छा.
ढोक रागानं प्रूफ फाडत,
आणि तिकडे बाजारात माणसं म्हणत,
"हा पेपर आपल्यावानी बोलते बाप्पा."
तीनशेचा खप अकराशेवर गेला.

मग दारव्हा निघाला, मग नेर.
तीन तालुक्यांचे तीन पेपर, आतली पानं तीच.
चारशेवर ट्रेडल थांबवून
शेख रऊफ बिडी पेटवायचा,
पाचर ठोकून वरचं नाव बदलायचा,
पुन्हा पाय मारायचा.
मी घड्या घालायचो, शेकड्याला दहा पैसे,
पत्त्याची चिठ्ठी चिकटवायला खळ.
चंपत खय म्हणायचा.
यस्टीच्या टपावर गठ्ठे टाकले
की बुधवार संपला.

आता कोर्टाच्या नोटिसा असतात,
सव्वीस जानेवारीच्या जाहिराती,
सरकारी फायलीपुरत्या प्रती.
खिळे भंगारात गेले, किलोवर.
संगणकात ळ हवे तितके.

चंपत गेला त्या आठवड्यात
बातमी माझ्याकडेच आली.
परिसरात हळहळ, मी टाइप केलं.
थांबलो. खोडलं.
हयहय.

ढोकांच्या नातवानं लाल गोल केले,
दोन चुका.
गावच्या अंकात दुरुस्त झालं, दारव्ह्याच्याही.
नेरच्या अंकात राहून गेलं.

तक्रार कोणाची आली नाही.