शेरा

चेंदणीच्या जुन्या धक्क्यावर मी आले ती
मोजपट्टी, फायल आणि छापील तक्ता घेऊन.
दगड : काळा, घडीव. चुना : गेलेला.
कठडा : खाडीच्या अंगाला नाही.
पायऱ्या : अकरा, बारावी चिखलात असावी.
नवी जेट्टी यायची आहे. त्याआधी
जुन्याचं काय उरलंय ते लिहून द्यायचं,
म्हणजे पाडताना कुणी विचारायला नको.

रकाना नववा : करमणुकीची साधने.
मी लिहिलं, नाहीत.

ओहोटी लागलेली. तिवरांच्या मुळांत
कुणाच्या तरी गणपतीचा थर्माकोलचा खांब,
आणि लांब, पुलाच्या सावलीत,
आपलंच सांडपाणी गाळून गुलाबी झालेले रोहित.

"बाय, पालना लिवलास का?"
होडीच्या आडोशाला हिराजी तांडेल,
दातांत सुतळी, मांडीवर जाळं.
कुठला पाळणा, काका?
"इथं पाय ठेव. आता इथं. आता इथं."

चार भोकं. दगडात, चौकोनी, वीतभर रुंद.
त्यांत कालच्या भरतीचं पाणी,
एकात निवटी, डोळे वर काढून.
"सागाचे खांब व्हते. नारली पुनवेला उभं करू.
मशीन नाय काय. मी न् माझा भाव, हातानं फिरवाचो.
दहा पैशाला धा फेरे. रडला त्याला बारा."

मी पट्टी सोडली भोकात. सदतीस सेंटिमीटर.
पट्टी वर घेतली तशी खाली राहिलेली
एक संध्याकाळही वर आली:

गॅसबत्त्यांचा सूं आवाज, उकडलेल्या शेंगा,
वजनकाट्याच्या पोटात फिरणारे लाल-हिरवे दिवे,
आणि वडील म्हणाले, तू बस, मी इथेच आहे.
एकाच फेऱ्याचे पैसे होते हे मला
चाळिशीत कळलं.
माझ्या चपला हातात धरून ते खाली उभे राहिले.

आणि पाळणा नेमका वर थांबला.
का, कोण जाणे. बिडी पेटवायला असेल.
पलीकडे विटाव्याची मिठागरं,
अंधारात कुणी पांढरे तंबू ठोकल्यासारखी,
त्यामागे पारसिकाचा डोंगर, नुसता डोंगर, एकही दिवा नाही.
मी खाली पाहिलं.
वडिलांच्या डोक्यावर, मधोमध,
रुपयाएवढं टक्कल.
त्यांना ते माहीत नव्हतं. आईलाही नसावं.
ते मान वर करेपर्यंत
ते माझं एकटीचं होतं.

मग मी रडले. सगळ्यांना वाटलं, उंचीला भ्यायले.

"काका, एक पोरगी वर अडकली होती,
निळा फ्रॉक, खूप रडली, आठवतं?"
हिराजीनं सुतळी तोडली.
"लय पोरी रडल्या," म्हणाला,
"तुझीच कशी आठवंल."
बरोबरच आहे. मीही त्याला कुठे ओळखलं होतं?
एक खांदा तेवढा ओळखीचा वाटला,
उजवा, डाव्याहून चार बोटं खाली उतरलेला.

खांबांचं काय झालं? विचारायचं म्हणून विचारलं.
दोन कुणाच्या होडीत गेले.
एक भावाला जाळायला.
चौथ्याचं तो बोलला नाही, भोकावर वाकला,
निवटीला बोटानं ढोसलं, ती बुडाली.
तो वाकलेला असताना
मी मुद्दाम पुलाकडे बघत राहिले.

पाणी फिरलं होतं. पहिलं भोक
खालून कुठून तरी भरू लागलं,
दगडाच्या आतून वाट असावी,
नकाशात नाही.

रकाना नववा. 'नाहीत' खोडलं.
खोडल्याजागी सही करावी लागते, केली.
शेऱ्यात लिहिलं :
चार भोकं. खोली सदतीस सें.मी.
भरतीला आपोआप भरतात.

साहेब विचारतील, याचा उपयोग काय.
चपला हातात घेऊन मी पायऱ्या उतरले,
अकरा मोजल्या.
बारावी होती.