इयत्ता दुसरीची एकच वही

दोनशे पानी, एकेरी रेघांची,
अशोक चौकातून आणलेली.
टॉवेलच्या उरलेल्या काठाचं कव्हर
राजेश्वरी चिलकाच्या आईनं शिवून दिलं.
वर्गाला एवढंच सांगितलं:
रोज एकाच्या घरी जाईल ही.
काहीही लिहा.
आणि आधीच्यानं जे लिहिलंय
त्याला उत्तर द्या.

'काहीही म्हणजे काय, बाई?'
काहीही म्हणजे काहीही.
'किती ओळी?'
सात वर्षांच्या पोरांना हा प्रश्न
कुणी शिकवला कोण जाणे.
मीच असेन.

वही परत यायची
कधी तंबाखूच्या वासाची,
कधी कोपऱ्यावर शेंगाचटणीचं लाल बोट घेऊन.
एकदा तर आत विडीचं अख्खं पान, खूण म्हणून,
आणि शेजारी तय्यबाची अक्षरं:
"अम्मीने हजार विडी वळली.
मी दोरा बांधला. मला मोजता येते."
खाली, दुसऱ्या दिवशीची शिवलीला:
"मला पण येते. हजारच्या पुढे काय असते?"
त्याखाली कुणीतरी, नाव न घालता:
"एक हजार एक. येडी."

लाल पेन मी त्या वहीपुरता
पर्समधून काढायचेच नाही.
'होतं'वरचा टिंब पडला, पडू दे.
मराठी वाक्यात तेलुगू 'नाना' येऊन
खुशाल मांडी घालून बसले, बसू देत.

अंबादास येमुलचा नंबर तीनदा आला.
तीनदा कोरं पान.
पहिल्यांदा म्हणाला, विसरलो.
दुसऱ्यांदा, पेन्सिल नव्हती.
तिसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही,
तापलेला तवा ठेवावा तशी
वही टेबलावर ठेवली
आणि जाग्यावर जाऊन बसला.
पोरं हसली नाहीत.
तेच मला जास्त लागलं.

मग तीच पोरं म्हणाली,
'बाई, तुमचा नंबर कधी?'

त्या रात्री वही माझ्या ओट्यावर.
भांडी आवरली. गॅस पुसला.
पुन्हा पुसला.
तारीख घातली, वार घातला.
एक सुविचार आठवला, लिहिला, खोडला.
एकवीस वर्षं फळ्यावर निबंध उतरवून देते मी,
माझी आई, माझी शाळा,
गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे,
आणि पेन रेघेवर टेकवून बसले
तर शाईचा नुसता ठिपका मोठा होत गेला.
साडेअकरा वाजता लिहिलं:

"मला काही सुचत नाही.
पंखा फिरतो आहे पण वारा गरम आहे.
अंबादास, तुला पण असंच होतं का?"

दुसऱ्या दिवशी नंबर नसताना
वही त्याच्याकडे दिली.
परत आली, तरी मधल्या सुट्टीपर्यंत
मी उघडली नाही.

अक्षरं कुठे चढाला लागलेली,
कुठे घसरलेली:

"हो.
काल लाईट नव्हती. माग बंद होते.
नाना दिवसा घरी होते. कोणी बोलले नाही.
घर लय शांत होते. मला शांत आवडत नाही.
मागाचा आवाज असा असतो
खटक खटक खटक खटक"

आणि तिथून पान संपेपर्यंत
खटक.
पान उलटलं, मागेही
खटक, रेघ न सोडता,
शेवटी शेवटी अक्षर सरळ होत आलेलं,
'ट'चं पोट गोल,
'क'ला त्याचा कान.
सरावाला म्हणून मी एवढं दिलं असतं
तर रडला असता.

खाली सही करायला जागा नव्हती.
मी केलीही नाही.
वही पुढे तय्यबाकडे गेली,
आणि सकाळी तिचं उत्तर आलं:

"मी सगळे वाचले. मोठ्याने.
अम्मी म्हणाली, आता बंद कर तुझा माग.
मी केला नाही."