चौथ्या पानावरची चौकट

डल्सी कीपिंगने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं:
‘माझी माहिती संबंधित खात्यांना
व इतर भागीदारांना देण्यास माझी हरकत नाही.’
इतर म्हणजे कोण गं?
काचेपलीकडची मुलगी पडद्यावर शोधत राहिली.
तिलाही सापडेना.

बाहेर न्यूफाउंडलंडचा मार्च, बंदरात बर्फ.
घरच्या टाकीत बोटभर तेल.

तशी झाकून ठेवणारी बाई नव्हेच ती.
धक्क्यावरच्या स्नूकच्या दुकानात
तिची उधारी अख्ख्या गावाला पाठ;
नवऱ्याची खोकल्याच्या नावाची बाटली,
धाकटी पोटुशी असताना उरकलेलं लग्न,
सगळं.
पण स्नूकची बायको रविवारी कुणासाठी रडते
हे डल्सीलाही ठाऊक होतं.
फिटंफाट.

इथे ती एकटीच उघडी.
बँक, दवाखाना, मेलेल्या माणसाचं पेन्शन,
‘रात्री घरात आणखी कोण झोपतं?’

सही नाही केली तर?
तर अर्ज पुढे सरकत नाही, मॅडम.
म्हणजे हरकत नाही असं म्हणायलाच हवं.
हो.

तिने पेन उचललं. ठेवलं.
तुझं नाव काय गं? आई असते?
भाडं भागतं का या पगारात?

मुलीने मागे पाहिलं. साहेब जेवायला गेलेला.
मग काचेच्या भोकाशी तोंड नेऊन
सांगत बसली, बराच वेळ,
मागची रांग खाकरेपर्यंत.

‘मी नाही हो कुणाला सांगायची,’
डल्सी म्हणाली
आणि चौकटीत सही केली.