चुकली

जाहिरातीत पद असं होतं :
संशोधक, वैद्यकीय कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आरोग्य-समता.
मुदत दोन वर्षं. अनुदान टिकलं तर तिसरं.
खोली चौथ्या मजल्यावर, खिडकी नाही,
खुर्चीच्या पाठीवर आधीच्या कुणाचा तरी राखाडी स्वेटर.
मी तो अजून हलवलेला नाही.

मिलवॉकीतल्या या इस्पितळात एक मॉडेल आहे.
ते आदल्या रात्री सांगतं, उद्या कोण येणार नाही.
ज्यांचा त्याला भरवसा नाही
त्यांच्या वेळेवर ते आणखी एक नाव बसवतं,
डॉक्टरांचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून.
दोघंही आले, तर एक जण ताटकळतो.
कोण, ते बघायला मला नेमलंय.

व्हर्डेल पिकेन्स, वय त्रेसष्ट.
अठरा वर्षांची साखर, डोळ्यांचे पडदे तपासायचे राहिलेत.
न येण्याची शक्यता एक्क्याऐंशी टक्के.
नोंदीत दोनदा एकच शब्द : चुकवली.

जानेवारीत, उणे अठरात,
मी तिच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले.
थर्मासच्या झाकणात तिनं मला कॉफी दिली.
हॉटेलच्या चादरी धुवून ती पहाटे परतली होती,
हातांना अजून ब्लीचचा वास.
बस अर्ध्या तासानं यायची. म्हणाली,
कारखाना बंद पडल्यापासून बसला घाई नसते.

बस चुकते.
मग वेळ चुकते.
आणि शेवटच्या रकान्यात पोचेपर्यंत
बाई चुकलेली असते.

आम्ही पोचलो तेव्हा बावीस मिनिटं उशीर.
तिच्या वेळेवर बसवलेला माणूस आत गेला होता.
दीड तास ती भिंतीवरचा हृदयाचा तक्ता वाचत बसली,
मग उठली, दुपारी नातवाला शाळेतून आणायचं होतं.
मला एवढंच म्हणाली,
"तुझ्या मशीनला सांग, मी आले होते."

मशीननं लिहिलं : आली नाही.
म्हणजे काल रात्री ते बरोबर होतं.

बैठकीत डॉक्टर लिंडक्विस्टनी विचारलं,
"तुझं ऐकून बदल केला तर अचूकता घसरेल?"
घसरेल, मी म्हटलं.
ते वाईट नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं,
आणि खाली दोनदा रेघ मारली.

काउंटरवरच्या माय येर शिआँगकडे
एक स्पायरल वही आहे, निळी, कॉफी सांडलेली.
कंप्युटरमध्ये कारणाला जागा नाही,
म्हणून ती अकरा वर्षं तिच्यात लिहितेय :
मुलाला ताप. गाडीची बॅटरी.
दुभाषा आला नाही, आजोबा मान हलवत परत गेले.
आला होता, बाहेर बर्फात तीन सिगरेटी ओढल्या,
आत यायला घाबरला.
फोन लागला नाही (बिल).
फोन लागला, बायको म्हणाली, गेले मंगळवारी.

"हे कुणाला दाखवलंस?"
"विचारलं कुणी?" म्हणाली. मग थोडं थांबून,
"एकानं विचारलं होतं."

आता रोज संध्याकाळी मी ती वही टाइप करते.
सहानंतर इमारतीतलं हीटिंग कमी करतात,
समतेला बजेट आहे, उबेला नाही.
काल बोटं वळेनात, तेव्हा तो स्वेटर घातला.
बाह्या लांब होत्या, कोपरावर रफू.

खिशात हात घातला, तर
घडी पडलेलं एक तिकीट,
तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतलं,
त्याच बसचं.