अजनीला दोन मिनिटं

एसीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं,
म्हणून स्लीपर, म्हणून खिडकीला गज,
म्हणून मनमाडपासून निमिषचं नाक काळं.
साडेचार वर्षांचा. नातेवाईक त्याला माहीत आहेत,
सगळे तळहाताएवढे, छातीपर्यंतचे,
रविवारी रात्री साडेआठला उजेडात येणारे.

बडनेरा गेलं आणि माझ्या तोंडात
'करून राहिली', 'जाऊन राहिली' सुरू झालं.
"आई, तू अशी का बोलतेस?"
"अशी म्हणजे कशी बे?" म्हटलं,
तशा समोरच्या बर्थवरच्या बाई हसल्या.

मानेवाडा रोडवरचं सभागृह. मे महिना.
गेटवरच सुलभाकाकूनं त्याच्या खिशात
लहानसा कांदा कोंबला.
"असू दे, ऊन लागत नाही पोराले."
चॉकलेटसाठी पुढे झालेला हात
तसाच राहिला हवेत.

मग तो एकेकाला ओळखू लागला.
"प्रभामावशी! तुला पाय आहेत!"
कुणी गालगुच्चा घ्यायला वाकलं की मागे सरकायचा,
हात लांब धरून विचारायचा,
"मी दिसतोय का? आवाज येतोय?"
जंबो कूलरपुढे उभा राहून स्वतःचं नाव ओरडायचा
आणि वाळ्याच्या ओल्या वासातून
ते नाव तुकडे तुकडे होऊन परत यायचं.

शेषरावकाका स्टेजजवळ, खुर्चीत.
नवरीचा बाप. डोक्याला फेटा,
मांडीवर शाल. मे महिन्यात शाल.
मी नमस्काराला वाकले.
माझे दोन हात गेले,
एकालाच पाऊल मिळालं.

काकू कानाशी येऊन हळूच म्हणाली,
दिवाळीनंतर. शुगर.
तू एवढ्या लांब, तुले कायले उगाच.
म्हणजे सहा महिने कुणीतरी फोन
नेमका सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापर्यंत धरत होतं
आणि मी विचारत होते, जेवलात का,
फिरायला जाता ना रोज?
आणि ते म्हणत होते, हो.

कस्तुरचंद पार्कवर माझ्या सायकलची सीट धरून
हाच माणूस धावला होता.
हात कधी सोडला ते त्यानं तेव्हाही सांगितलं नव्हतं.

"एकच?" निमिषनं विचारलं. मोठ्यानं.
नेमकं तेव्हाच 'सावधान' संपलं होतं,
पुढचं कडवं कोण म्हणणार यावर
भटजी आणि मामी अडले होते.
काकांनी त्याला जवळ ओढलं.
"घाईघाईत अजनीले उतरलो न बाप्पा,
बाकड्याखाली इसरून आलो."
"मग परत का नाही गेलात?"
"गाडी सुटली."
हे त्याला पटलं. एक अक्षता त्यानं
शालीच्या रिकाम्या बाजूवर टाकली.
काकांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला.
"कूलरचं पाणी उडते," म्हणाले.
कूलर मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला.

वडाभात झाला. पाठवणी झाली.
अर्पिता रडली, मी तिच्याहून जास्त,
का ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारची गाडी.
मांडीवर संत्रा बर्फीचा डबा, गज हात भाजतील इतके तापलेले.
नागपूर सुटून दहा मिनिटं होत नाहीत तर अजनी.
निमिष सीटवर उभा राहून
एकेक बाकडं खालून तपासत होता.
एक कुत्रं. पाण्याची बाटली. कुणाची तरी चप्पल,
तिच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला.
"आहे का रे?" मी विचारलं.
का विचारलं?
"आत ठेवला असेल."

मग खिशातून कांदा काढून
त्यानं गजांतून हात बाहेर घातला,
खिडकीशी आलेल्या चहावाल्याला म्हणाला,
"हा पायाला द्या. ऊन लागेल त्याला."
चहावाल्यानं कांदा घेतला, उलटासुलटा केला,
माझ्याकडे पाहिलं.
"कोणत्या पायाले, ताई?"

"उजव्या," मी म्हटलं,
आणि गाडी हलली.