उदाहरण चौथे

ओउलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
सिर्क्काच्या टेबलावर तिसरी कॉफी,
आणि पडद्यावर मोजून चार ओळी:
एक व्हेरिएबल. त्यात सात. मग त्यातच नऊ. परत जा.
खाली अकरा वर्षांपूर्वीचं तिचंच वाक्य:
'अर्थातच, सात कोणी वाचत नाही,
म्हणून कंपायलर तो लिहीतच नाही.'

शेजारचा आतोस, कामावर नवा,
एक हातमोजा अजून हातातच,
म्हणाला, मी हे चालवून पाहिलं,
सगळी ऑप्टिमायझेशन्स चालू करून.
सात गेला, ठीक.
पण नऊही गेला.
व्हेरिएबलच गेलं, मेमरीत जागासुद्धा मागितली नाही कोणी.
उरली एकच आज्ञा: परत जा.

सिर्क्काने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
खरंच की.
नऊ तरी कोण वाचत होतं?

मग खुर्ची ओढून दोघं बसली.
शेवटी नऊ छापू या, आतोस म्हणाला.
छापला. नऊ दिसला,
पण भांड्यात न ओतता थेट तोंडात घातलेला,
व्हेरिएबल पुन्हा बेपत्ता.
'हा फार हुशार आहे,' आतोस म्हणाला.
'हुशार नाही,' सिर्क्का म्हणाली, 'काटकसरी.
माझी आत्या अशीच होती, केमीची.
धुवावं लागेल म्हणून ताटलीच घ्यायची नाही.'

तिने फंक्शनला बाहेरून एक पत्ता दिला.
तिथे कोण राहतं, कंपायलरला ठाऊक नाही.
त्या दारात सात ठेवला, मग नऊ.
सात गेला. नऊ थांबला,
दार नंतर कुणीही उघडेल म्हणून.

'आणि मध्येच दुसऱ्या पत्त्यावर डोकावलं तर?'
तिने ती ओळ घातली,
तिथे जे दिसेल ते परत द्यायचं.
दोन्ही पत्ते एकाच घराचे असतील, नसतील.
सात हलेना.
तेवढी शंका त्याला पुरली.

सहा वाजले. आता एकाच्या जागी तीन उदाहरणं,
प्रत्येकाखाली यंत्राने खरोखर काय ठेवलं, ते जसंच्या तसं.
आतोस कोट घालून दाराशी उभा.
सिर्क्का म्हणाली, थांब, एक राहिलं.
वर गेली, जुन्या वाक्यातला
'अर्थातच' खोडला.

तो मात्र अकरा वर्षं वाचला जात होता.
दर वेळी कुणीतरी, कुठेतरी,
पडद्यासमोर स्वतःला मठ्ठ म्हणत.