जास्तीची जागा

दांडिया बाजारातलं स्वयंपाकघर,
सनमायक्याच्या टेबलावर लॅपटॉप, खाखऱ्याचा चुरा.
बडोदा ते दिल्ली, दिल्ली ते टोरांटो.
पडदा विचारतो,
पायांना जास्तीची जागा हवी?
की आकाशात इंटरनेट?

दोन्ही घ्यायची ऐपत नाही असं नाही.
दोन्ही घ्यायची आमची रीत नाही.

सुधन्वा सहा फूट दोन इंच.
हार घालताना माझ्या मुंडावळ्या घसरल्या होत्या.
आता त्यांच्या डाव्या गुडघ्यात धातूची वाटी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत खरं,
पण अंथरूणच विकायला काढलंय त्यांनी,
वितीच्या भावानं.

"इंटरनेट घे," ते म्हणतात.
त्यांना ठाऊक आहे,
रावपुऱ्यातून माई रोज साडेनऊला
एकच शब्द पाठवते, 'झोपते',
मग मला झोप लागते.
चौदा तास तो शब्द
कुठल्या ढगाशी ताटकळणार?

"आणि गुडघा?"
"त्याला मधल्या वाटेत फिरवून आणीन."
"माईकडे हिनलबेन बघेल की."
मी बाण पायांवर नेते,
ते माझं मनगट धरून
बाण सरकवतात.

तेवढ्यात पडदा पांढरा.
तुमची वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.
पुन्हा आडनाव, पासपोर्ट, जन्मतारीख.
जागा तीनशेनं महागली.

ते हसतात, टेबलाखाली पाय लांब करतात,
ते माझ्या पावलांवर येऊन टेकतात.
इथेही जागा कमीच.
मी पाय काढून घेत नाही,
आडनावात एक अक्षर चुकतं.

फोन थरथरतो.
झोपते.